एका फोटोतून उभा केलेला चेहरा कितपत त्या रुग्णाचा असतो?

प्रश्न असा आहे: दुर्मीळ आनुवंशिक आजार असलेल्या मुलांचे, तपासणीच्या वेळी काढलेले सुमारे ३०० फोटो हाताशी आहेत. बहुतेक समोरून काढलेले, थोड्यांचे बाजूनेही. त्रिमितीय स्कॅनर नाही. एका फोटोवरून चेहऱ्याची त्रिमितीय जाळी (बिंदू जोडून बनवलेला आकार) तयार करून देणारी सॉफ्टवेअर आता मोफत मिळतात. ती वापरून मोजमापं काढली आणि निरोगी मुलांशी तुलना केली तर संशोधनात चालेल का? अचूकता किती धरायची?

काही मोजमापं चालतील, काही अजिबात चालणार नाहीत. अडचण अशी की सॉफ्टवेअर दोन्ही प्रकारची मोजमापं सारख्याच ठामपणे तुमच्यापुढे ठेवतं. हे काम मी पंधरा वर्षांहून जास्त काळ करतो आहे, आणि माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते. पडद्यावर हवा तसा फिरवता येणारा चेहरा दिसला की तो मोजलेला चेहरा आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्यातला काही भाग तुमच्या रुग्णाच्या फोटोतून आलेला असतो आणि काही भाग त्या रुग्णाशी संबंध नसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांतून.

हे कसं होतं ते आधी पाहू. फोटोत खोली, म्हणजे कुठला भाग किती पुढे-मागे आहे याची माहिती, नसते. एकाच फोटोशी तंतोतंत जुळणारे असंख्य त्रिमितीय आकार असू शकतात. भिंतीवरचं उथळ उठावशिल्प योग्य उजेडात पूर्ण गोलाईच्या मूर्तीसारखं दिसतं, हा अनुभव सगळ्यांचा आहे. उजेड कुठून पडला हे माहीत नसेल तर चमक नसलेला पृष्ठभाग आणि त्याचं दाबून उथळ केलेलं रूप एका फोटोवरून वेगळं ओळखता येत नाही, हे बेलह्यूमर, क्रीगमन आणि युइल यांनी १९९० च्या दशकात गणितानं दाखवलं. हे कोड्याचंच स्वरूप आहे. जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा आणला तरी ते तसंच राहतं.

मग सॉफ्टवेअर त्या असंख्य आकारांतून एक निवडतं कसं? आधी पाहिलेल्या चेहऱ्यांच्या आधारानं. १९९९ मध्ये फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी २०० माणसांचे लेझर स्कॅन घेतले, १०० पुरुष आणि १०० स्त्रिया. सगळ्या जाळ्यांचे बिंदू एकमेकांशी जुळवले: याच्या नाकाचं टोक तिथे त्याच्याही नाकाचं टोक. मग एक सरासरी चेहरा काढला आणि माणसामाणसांत फरक कोणत्या दिशांनी पडतो त्या दिशा काढल्या. आता कुठलाही चेहरा म्हणजे सरासरी अधिक या दिशांचं थोडं थोडं मिश्रण. नवा फोटो आला की संगणक ते मिश्रण बदलत राहतो, तयार होणारं चित्र फोटोशी जुळेपर्यंत. सोबत एक अट असते: सरासरीपासून विनाकारण लांब जायचं नाही. ही अट काढली तर चेहऱ्याऐवजी काहीतरी वेडंवाकडं तयार होतं, म्हणून ती लागतेच.

अशा संचाला मॉडेल म्हणतात. पुढे बाझेल विद्यापीठाचं मॉडेल आलं, २०१७ मध्ये ३३,००० हून जास्त स्कॅनवर शिकवलेलं फ्लेम आलं, आणि आज न्यूरल नेटवर्क हेच काम क्षणात करतं. पण त्यांपैकी बहुतेकांचा गाभा तोच आहे. उत्तर अशाच एखाद्या मॉडेलच्या भाषेत येतं आणि जिथे फोटो गप्प आहे तिथे मॉडेल बोलतं.

निरोगी माणसाचा चेहरा गेमसाठी किंवा चित्रपटासाठी हवा असेल तर हे छानच आहे. तुमच्या कामात मात्र घात इथेच होतो. ज्या मुलाचा खालचा जबडा जन्मतः मागे आहे त्याचा समोरून काढलेला फोटो घ्या. हनुवटी किती मागे आहे याची माहिती त्या फोटोत जवळजवळ नाही. उजेड-सावलीतून थोडा अंदाज येतो, एवढंच. मॉडेल निरोगी प्रौढांवर शिकलेलं, म्हणून ते हनुवटी पुढे आणून ठेवतं. आम्ही अगदी सुरुवातीला अशा एका मुलाचा त्रिमितीय चेहरा तयार केला, तो बाजूला फिरवला आणि शेजारी त्याच मुलाचा बाजूनं काढलेला खरा फोटो ठेवला. संगणकानं त्याला व्यवस्थित हनुवटी दिली होती. ज्या खुणेसाठी ते मूल आमच्यापर्यंत पोचलं होतं नेमकी तीच पुसली गेली होती. त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: ज्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो आहेत त्यांचे आकार फक्त समोरच्या फोटोवरून काढायचे आणि बाजूच्या फोटोवर ताडून पाहायचे. तुमच्या ३०० पैकी ज्यांचे बाजूचे फोटो आहेत ते याच कामासाठी सोनं आहेत. पहिल्या आठवड्यात हेच करा.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. मोजमापांतल्या चुकांचं हे दुसरं मोठं कारण, आणि याबद्दल फार कमी लोक विचारतात. कॅमेरा नाकाच्या टोकापासून ३० सेंटिमीटरवर आहे असं धरा. कान त्याच्या साधारण १२ सेंटिमीटर मागे, म्हणजे कॅमेऱ्यापासून ४२ सेंटिमीटरवर. नाकाच्या मानानं कान आणि त्याजवळचा भाग सुमारे २९ टक्के लहान दिसेल. तोच फोटो दीड मीटरवरून काढला तर हा फरक ७ टक्क्यांवर येतो. मूल तेच, पण जवळून नाक मोठं आणि चेहरा निमुळता, लांबून चेहरा रुंद आणि सपाट. बरीच सॉफ्टवेअर कॅमेरा अनंत अंतरावर आहे असं मानून चालतात किंवा एक ठरावीक लेन्स गृहीत धरतात. मग जवळून काढलेल्या फोटोतला हा ताण ते चेहऱ्याच्या आकारात भरतात.

याचा फटका आम्ही खाल्ला आहे. एका अभ्यासात रुग्णांचा गट आणि निरोगी मुलांचा गट यांच्यात चेहऱ्याच्या मध्यभागाच्या रुंदीत सुंदर, ठळक फरक आला. दोन महिने आम्ही त्याचा अर्थ लावत बसलो. मग एका सहकारी डॉक्टरांनी साधा प्रश्न विचारला: निरोगी मुलांचे फोटो कुठे काढले? ते एका मोठ्या सभागृहात, लांबून, झूम लावून काढले होते. रुग्णांचे फोटो तपासणीच्या छोट्या खोलीत, हात लांब करून, फोनवर. आम्ही चेहऱ्याची नव्हे, फोटो काढलेल्या जागेची रुंदी मोजत होतो. तो सगळा भाग रद्द करावा लागला. म्हणून निरोगी मुलांचे फोटो इंटरनेटवरच्या संग्रहातून घेण्याचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा. त्याच खोलीत, त्याच कॅमेऱ्यानं, त्याच अंतरावरून, वय आणि लिंग जुळवून नवे फोटो काढा. आणि मुलं त्याच समाजगटातली असू द्या, कारण चेहऱ्याची ठेवण समाजागणिक बदलते आणि बाझेलसारख्या मॉडेलमध्ये बहुतांश युरोपीय चेहरे आहेत. लहान बाळांना तर प्रौढांचं मॉडेल लावूच नका. बाळाचा चेहरा म्हणजे प्रौढाचा आकसलेला चेहरा नव्हे. कपाळ, गाल आणि जबडा यांचं प्रमाणच निराळं असतं.

जुन्या फोटोंच्या मूळ फाइली मिळवा. कॅमेऱ्यातून निघालेल्या फाइलमध्ये लेन्सचं नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) नोंदलेलं असतं. व्हॉट्सॲपवरून साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद जाते, वर चित्रही दाबलं जातं. काही फोन त्वचा गुळगुळीत करतात, काही रुंद लेन्सच्या कडेचे चेहरे आपणहून सरळ करतात, काहींचा पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं साठवतो. चेहऱ्याच्या दोन बाजूंतला फरक अभ्यासायचा असेल तर या शेवटच्या गोष्टीमुळे डावं-उजवं कायमचं गोंधळतं.

मिलिमीटरचं काय? फोटोतून आकार मिळतो, माप मिळत नाही. लहान चेहरा जवळून आणि मोठा चेहरा लांबून सारखेच दिसतात. फोटोत मोजपट्टी नसेल तर बुबुळाचा, म्हणजे डोळ्यातल्या रंगीत गोलाचा, आधार घेतात. बुबुळाची आडवी रुंदी माणसांत फार बदलत नाही, सरासरी ११.७ मिलिमीटर, अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे, आणि वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आसपास ती जवळजवळ प्रौढांइतकी होते. युक्ती चांगली आहे, पण हिशेब करा: ११.७ मध्ये ०.५ ची चूक म्हणजे ४ टक्के, म्हणजे ३० मिलिमीटरच्या मापात १.३ मिलिमीटर. शिवाय काही आजारांत बुबुळच लहान असतं. त्यापेक्षा वॉशिंग्टन विद्यापीठाच्या गटानं गर्भावस्थेतल्या मद्याच्या परिणामांचा अभ्यास करताना वापरलेली पद्धत सरळ आहे: ठरावीक मापाची गोल चिकटपट्टी कपाळावर लावायची आणि मग फोटो काढायचा. पुढच्या फोटोंसाठी आजपासून ती सुरू करा. जुन्या फोटोंसाठी मिलिमीटर सोडून द्या आणि गुणोत्तरं वापरा.

तुम्ही अचूकतेचा आकडा विचारलात. शास्त्रीय लेखांत तुम्हाला '१ मिलिमीटर' असा आकडा दिसेल. नाऊ नावाची एक प्रसिद्ध चाचणी आहे, १०० माणसांची. त्यात फोटोवरून काढलेला चेहरा खऱ्या स्कॅनवर बसवून अंतर मोजतात, आणि चांगल्या पद्धतींची मध्यक चूक १ मिलिमीटरच्या आसपास येते. हा आकडा तुमच्या प्रबंधात जसाच्या तसा घालू नका. तो पूर्ण चेहऱ्याचा आहे, आणि चेहऱ्याचा बराचसा भाग म्हणजे गाल आणि कपाळ, जिथे चूक करणं अवघड असतं. वैद्यकीय खुणा असतात पापण्यांच्या कोपऱ्यांत, नाकपुड्यांच्या कडेला, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधल्या उभ्या पन्हळीत. तिथली चूक सरासरीत बुडून जाते. शिवाय डोळ्याच्या फटीच्या (एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतच्या) लांबीचं प्रमाण विचलन, म्हणजे माणसामाणसांत सरासरीपासून पडणारा नेहमीचा फरक, निरोगी लोकांत एक ते दीड मिलिमीटरच्या आसपास असतं. मग १ मिलिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ एक पूर्ण प्रमाण विचलन! जे मूल 'सामान्य' गटात पडायला हवं ते 'असामान्य' गटात जाण्याइतकी ही चूक मोठी आहे. ती पन्हळ तर बऱ्याच मॉडेलमध्ये कमी बिंदूंनी दाखवलेली असते, आणि नुसती जाळी पाहून पन्हळ सपाट आहे की मॉडेलच जाडंभरडं आहे हे सांगता येत नाही. पन्हळीसाठी मूळ फोटोच पाहा, अनुभवी डॉक्टरांच्या डोळ्यांनी.

मग या पद्धतीचा उपयोग कुठे? एक उपयोग मला मनापासून पटलेला आहे: डोकं वळलेलं असताना होणारी चूक दुरुस्त करणं. लहान मुलं कॅमेऱ्याकडे सरळ पाहत नाहीत. डोकं १५ अंश वळलं की ३० मिलिमीटरची आडवी रेषा फोटोत १ मिलिमीटरनं आखूड होते. सपाट फोटोवर पट्टी धरून मोजणाऱ्याला हे कळतही नाही. त्रिमितीय मॉडेल डोक्याचा कोन बऱ्यापैकी ओळखतं, त्यामुळे दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची रुंदी, तोंडाची रुंदी यांची गुणोत्तरं आधीपेक्षा नक्की सुधारतात. ही सगळी आडवी मापं आहेत आणि ती समोरच्या फोटोत खरोखर दिसतात. तोंड उघडं असलेले, रडणारे, हसणारे फोटो मात्र वेगळे काढा. चेहऱ्याची मूळ ठेवण आणि हावभाव मॉडेल वेगळे करतं असं म्हणतात, पण उघड्या तोंडाचा काही भाग लांब जबडा म्हणून मोजला जातोच.

दुसरा उपयोग, एकाच माणसातला काळानुसार होणारा बदल. याचं सर्वांत बोलकं उदाहरण ॲक्रोमेगली. पीयूषिका ग्रंथीतल्या गाठीमुळे वाढीचं संप्रेरक जास्त स्रवतं. जबडा, नाक, भुवयांवरचं हाड हळूहळू वाढतं. इतकं हळू, की रोज पाहणाऱ्या घरच्यांना ते जाणवत नाही आणि निदान व्हायला वर्षं जातात. डॉक्टर अशा रुग्णांना जुने फोटो आणायला सांगत आले आहेत. २०११ मध्ये साध्या फोटोंवर त्रिमितीय मॉडेल बसवून ॲक्रोमेगली ओळखण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, संगणक आणि डॉक्टर यांची तुलना करणारा. त्याच्या लेखकांत स्वतः ब्लान्झही होते. स्कॅनर कितीही चांगला असला तरी तो वीस वर्षं मागे जाऊन माणसाला मोजू शकत नाही. जुना फोटो ते करू शकतो, आणि म्हणूनच या पद्धतीच्या सगळ्या मर्यादा माहीत असूनही मी हे काम सोडलेलं नाही. एकाच माणसात मॉडेलचा कल दोन्ही फोटोंवर साधारण सारखाच पडतो, त्यामुळे फरक काढताना त्याचा काही भाग वजा होतो. सगळा होत नाही, कारण वीस वर्षांत कॅमेराही बदललेला असतो.

तुमचा उद्देश मोजमाप नसून आजार ओळखणं असेल तर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: त्रिमितीय चेहरा हवाच कशाला? २०१४ मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं साध्या फोटोंतून आजाराशी जोडलेली चेहऱ्याची ठेवण शोधून दाखवली. २०१९ मध्ये डीपगेस्टाल्ट या पद्धतीचा निबंध आला, १७,००० हून जास्त फोटोंवर शिकवलेली, २०० हून जास्त आजारांसाठी, आणि ती सपाट फोटोवरच चालते. मध्ये त्रिमितीय पायरी घातली की आजाराची खूण सरासरीकडे ओढली जाऊन पुसट होण्याचा धोका आपण उगाच पत्करतो.

पुढचे फोटो तुमच्या हातात आहेत, तेव्हा ते नीट काढा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी पूर्ण वळलेले, दोन्हीकडे ४५ अंशात, असे पाच. अंतर दीड मीटर, जमिनीवर पट्टी लावून पक्कं केलेलं, झूम एकच, केस कपाळावरून मागे, उजेड दोन्हीकडून पसरट, तोंड मिटलेलं. बाजूचा एक फोटो जरी मिळाला तरी हनुवटी आणि नाकाचा प्रश्न जवळपास सुटतो, कारण आता खोली दिसते, तिचा अंदाज बांधावा लागत नाही. मोठ्या मुलांचा व्हिडिओ फिरून घेता येतो आणि अनेक चौकटी जुळवून आकार काढता येतो, पण मूल त्या वेळात हललं की सगळं बिघडतं. पाच-सहा वर्षांच्या आतल्या मुलांवर मी तो प्रयत्न करत नाही.

आणि पडताळणी. वीस मुलं निवडा, रुग्ण आणि निरोगी दोन्ही. कुठूनतरी दोन दिवसांसाठी स्कॅनर मिळवा. नाहीच मिळाला तर मोजमापात तरबेज माणसाकडून कॅलिपरनं मापं घ्या. प्रत्येक मुलाचे त्याच दिवशी दोनदा फोटो काढा. मग दोन आलेख. पहिला, एकाच मुलाच्या दोन फोटोंतून आलेल्या मापांतला फरक. दुसरा, १९८६ मध्ये ब्लँड आणि आल्टमन यांनी सुचवला तसा: आडव्या अक्षावर दोन पद्धतींची सरासरी, उभ्या अक्षावर त्यांतला फरक. नुसता सहसंबंध (दोन मापं किती एकत्र वाढतात-घटतात; पूर्ण जुळल्यास १) काढून थांबू नका. मॉडेल सगळ्यांना सरासरीकडे ओढत असेल तर मोठं नाक थोडं लहान येईल, लहान नाक थोडं मोठं, आणि तरीही सहसंबंध ०.९ दिसू शकेल. ब्लँड-आल्टमनच्या आलेखात मात्र बिंदू तिरके उतरताना दिसतील. तो उतार ज्या मापात दिसेल ते माप या अभ्यासातून काढून टाका, कितीही आवडतं असलं तरी.

एक गोष्ट परवानगीची. जाळीवरचा त्वचेचा रंग काढला की चेहरा निनावी झाला, असं अनेक अर्जांत लिहिलेलं मी वाचतो. ते खरं नाही. २०१९ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी ८४ स्वयंसेवकांच्या एमआरआयमधून चेहऱ्याचा आकार काढला, त्यात त्वचेचा रंग कुठून येणार, आणि सर्वसाधारण चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरनं ७० जणांच्या फोटोंशी तो बरोबर जुळवला. तुमच्या जाळ्या तर फोटोंवरूनच तयार होणार. त्या नावासकटच्या नोंदीइतक्याच जपा, आणि पालकांकडून फोटोची संमती घेतलेली असली तरी त्रिमितीय चेहऱ्याची वेगळी संमती घ्या. जुन्या ३०० फोटोंच्या संमतीपत्रात 'उपचारासाठी' एवढंच लिहिलेलं असेल तर नैतिकता समितीकडे आधी जा, सॉफ्टवेअर नंतर उघडा.

वीस मुलांचे आलेख तयार झाले की कुठली मापं टिकली ते कळवा. माझा अंदाज असा की आडवी गुणोत्तरं टिकतील, हनुवटी आणि नाकाची उंची फक्त बाजूचे फोटो असलेल्या मुलांत टिकेल, आणि डोळ्याच्या फटीवर आपल्याला आणखी बरंच बोलावं लागेल.